ड्रिलची मूठ आमच्या हातात घेऊन पाहा

प्रति,
कॉर्डलेस ड्रिल बनवणाऱ्या कंपन्यांचे रचनाकार आणि विक्री विभाग,
तसेच जळगाव-धुळ्यातील अवजारांचे वितरक यांस,



तुमच्या ड्रिलच्या खोक्यावर व्होल्ट असतात, न्यूटन-मीटर असतात, फेऱ्या असतात. मुठीचा घेर मात्र कुठेच नसतो. बॅटरी लावल्यावर तोल कुठे जातो हेही नसतं. आमच्याकडचा फिटर दिवसभर जी गोष्ट हातात धरतो, तिच्याबद्दल खोकं गप्प असतं. मी ठिबक जोडणीची कामं घेतो. माझ्या माणसांची मनगटं आणि त्यांनी पाडलेली भोकं रोज बघतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी इथलं काम समजून घ्या. जळगाव हा ठिबकचा जिल्हा. ठिबक संच बनवणारी भवरलाल जैन यांची कंपनी इथलीच, आणि 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी ठिबकवरच वाढते. रावेर, यावल, चोपडा भागात केळीचं शेत जोडायचं म्हणजे चरात पीव्हीसीचा सबमेन पाइप टाकायचा, त्याला ओळीनं भोकं पाडायची, प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट बसवायचा आणि त्यातून नळ्या काढायच्या. एक हेक्टरचं चौकोनी शेत आणि नळ्यांमध्ये दीड मीटर अंतर धरलं, तर एकाच सबमेनला 66 भोकं होतात. शेतात वीज नसते, त्यामुळे पूर्वी हे काम हातड्रिलनं किंवा गिरमिटानं व्हायचं. आता कॉर्डलेसनं होतं, आणि ते खरंच मोठं सुख आहे.

पण पाइप गोल असतो. बिट टेकवताना हात जरा हलला की ते घसरतं, आणि आत जाताना ड्रिल कललं की भोक लांबट होतं. लांबट भोकात ग्रोमेट घट्ट बसत नाही आणि पाणी झिरपतं. माती लोटल्यावर ती गळती दिसत नाही. ती कळते पुढे, एका बाजूला चिखल आणि शेवटच्या झाडांना पाणी कमी असं झाल्यावर. मग पुन्हा चर उकरायचा. सुबक मूठ ही आमच्यासाठी चैन नाही. तिच्यावर शेतकऱ्याचं पाणी अवलंबून आहे.

पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप असलेल्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरला 1917 मध्ये मिळालं. त्याच कंपनीनं 1961 मध्ये कॉर्डलेस ड्रिल आणलं. ही मूठ भिंतीसमोर उभ्या माणसाला उत्तम. कोपर अंगाशी, मनगट सरळ, आणि पंजा थेट बिटच्या मागे. आमचा माणूस मात्र चराशी असतो. तो उभा राहून वाकला तर हात सरळ खाली लोंबतो, मनगट सरळ राहतं, पण कंबर जाते. उकिडवा बसला तर कंबर वाचते, पण पुढचा हात आडवा आणि बिट खाली, म्हणून मनगट वाकतं. कंबर की मनगट, अशी निवड तुमची मूठ त्याला करायला लावते. काटकोनी डोक्याचं ड्रिल असेल तर ही निवड करावी लागत नाही. ते तुम्ही बनवताही. पण मी जेव्हा जेव्हा इथल्या दुकानात विचारलं, तेव्हा ‘मागवावं लागेल’ हेच उत्तर मिळालं.

आता मुठींची तुलना करतो, कारण विकताना ती कुणी करत नाही.

पहिला प्रकार लहान 12 व्होल्टच्या यंत्रांचा, ज्यात बॅटरी मुठीच्या आत सरकते. दिसायला आटोपशीर, वजनाला हलका. पण 18 मिलिमीटर जाडीचे तीन सेल त्रिकोणात ठेवले तर त्यांनाच जवळपास 39 मिलिमीटर व्यासाची जागा लागते. त्यावर बॅटरीचं कवच, त्यावर मुठीची भिंत, त्यावर रबर. लहान पंजाच्या माणसाची बोटं या मुठीला पूर्ण वळसा घालू शकत नाहीत. बोटं वळली नाहीत की पकड जोरानं आवळावी लागते, आणि आवळलेला हात लवकर थकतो. वजन कमी केल्याचा फायदा इथे निम्मा गेला.

दुसरा प्रकार 18 व्होल्टचा, बॅटरी मुठीच्या तळाशी सरकवून बसवायची. मूठ आतून रिकामी, म्हणून बारीक ठेवता येते. मोटर वर, बॅटरी खाली, मूठ मध्ये. तोल चांगला साधतो आणि बोटांना नुसतं धरून ठेवण्यात ताकद घालवावी लागत नाही. पीव्हीसीला दाब कमी आणि स्थिरता जास्त लागते, म्हणून ठिबकच्या कामाला माझी पसंती या मुठीला. मात्र दुकानदार इथेच चूक करायला लावतात. ‘मोठी बॅटरी घ्या, दिवसभर चालेल’ म्हणतात. दोन अँपिअर-अवरची बॅटरी चारची केली की पाच सेलांच्या जागी दहा होतात, म्हणजे साधारण पाव किलो वजन वाढतं, तेही मनगटापासून लांब, तळाशी. बिट खाली करून काम करताना तेच वजन मनगट पिळतं. दोन लहान बॅटऱ्या आळीपाळीनं वापरणं केव्हाही बरं. खोक्यासोबत एक मोठी देण्याऐवजी दोन लहान द्या.

धुळ्याकडचं काम वेगळं आहे. साक्री तालुक्यात सौर प्रकल्प आहेत, पवनचक्क्या आहेत, आणि आता गावोगाव सौर पंप बसतात. तिथे लोखंडी अँगलला भोक पाडायचं असतं. दाब लागतो, म्हणून मूठ जितकी मागे आणि बिटच्या रेषेजवळ तितकी चांगली. खरा धोका भोक आरपार जाताना असतो. बिट कडेला अडकतं आणि यंत्रच फिरायला लागतं. 60 न्यूटन-मीटरचं ड्रिल पूर्ण जोरात अडकलं आणि पंजा अक्षापासून 10 सेंटिमीटर खाली असला, तर त्या हातावर 600 न्यूटनचा, म्हणजे सुमारे 60 किलो वजनाइतका झटका येतो. बाजूची मूठ लावून 20 सेंटिमीटरवर धरलं तर तो निम्मा होतो. हे साधं गणित आहे. तरी लहान यंत्रांना बाजूची मूठ लावायला गळाच ठेवलेला नसतो, आणि मोठ्या यंत्रांची बाजूची मूठ खोक्यातच पडून राहते, कारण ती कशासाठी आहे हे विकणारा सांगत नाही. यंत्र अडकताच मोटर बंद करणारी व्यवस्था तुमच्या महागड्या ड्रिलमध्ये असते. ती सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या स्वस्त ड्रिलमध्येही आणा. शिडीवर उभ्या पोराला तिची गरज जास्त आहे.

रबराबद्दलही सांगायला हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो. घामानं हात ओला, त्यावर काळ्या मातीची धूळ, आणि बोटांना पाइप चिकटवायचं सोल्युशन. ते सोल्युशन प्लास्टिक विरघळवूनच जोड पक्का करतं, मग मुठीवरचं मऊ रबर त्यातून कसं सुटेल? आधी चिकट होतं, मग सोलतं. गुळगुळीत झालेली मूठ घट्ट धरावी लागते आणि पुन्हा तोच थकवा येतो. मुठीवरचं आवरण स्क्रू काढून बदलता येईल असं द्या. सुटा भाग म्हणून त्याची किंमत फार होणार नाही.

‘भारतीय हाताची मापं कुठे आहेत?’ असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांवरचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं 1997 मध्येच काढलं. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं भारतीय शेतमजुरांची शरीरमापं आणि ताकद यांचा संग्रह 2009 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बायकांचीही मापं आहेत. नळ्या अंथरायला आमच्या शेतांत बायका असतातच. भोकं पाडायचं काम त्यांच्याही हाती यावं असं मला वाटतं. त्यासाठी त्यांच्या पंजात मावेल अशी मूठ बाजारात हवी.

वितरकांना एक वेगळी विनंती. काचेच्या कपाटातून ड्रिल बाहेर काढा. बॅटरी लावून गिऱ्हाइकाच्या हातात द्या, आणि काउंटरवर नुसतं धरायला न लावता, दुकानाच्या फरशीवर पाइपचा तुकडा ठेवून उकिडवं बसून एक भोक पाडू द्या. दोन यंत्रांतला फरक त्याचं मनगटच सांगेल. आयटीआयच्या शिक्षकांनीही फिटर आणि वायरमनच्या पोरांना बिटच्या आकारासोबत मूठ निवडायला शिकवावं.

कंपन्यांकडे माझी मागणी स्पष्ट आहे. खोक्यावर मुठीचा घेर आणि बॅटरीसकट वजन छापा. एकाच यंत्रात दोन घेरांची मूठ द्या. प्रत्येक ड्रिलला बाजूची मूठ बसेल असा गळा ठेवा. काटकोनी ड्रिल जळगाव आणि धुळ्याच्या दुकानांत हजर ठेवा. आणि केळीच्या पुढच्या मृगबागेच्या जोडण्या सुरू होतील तेव्हा, मे-जूनमध्ये, तुमच्या रचनाकारांना रावेर-यावलला पाठवा. एका हेक्टरची सगळी भोकं त्यांनी स्वतः पाडावीत. शेत, पाइप आणि बसायला जागा आम्ही देऊ.

आपला,
ठिबक जोडणीचा एक ठेकेदार, जळगाव