होल्डर कुणाच्या हातात?



भंडारा म्हणजे पितळी भांडी, वरठीचा पोलाद कारखाना, जवाहरनगरची आयुधनिर्माणी. जिल्हा धातूचा, पण बाईच्या वाट्याला धातू येतो तो घासायलाच. आयटीआयमधला वेल्डरचा अभ्यासक्रम 1 वर्षाचा. त्यात मुलींना 30 टक्के जागा राखीव आहेत. तरी आमच्या बैठकीत मुली विचारतात ते शिवणवर्गाचंच.

म्हणून मीच एका वर्कशॉपमध्ये शिकायला गेले. पहिले आठ दिवस झाडू आणि मुलांच्या जोडांवरचा स्लॅग ठोकून काढणं. होल्डर मागितला तर मालक म्हणाले, “ताई, डोळे जातील.” डोळ्यांना इजा होते ती काळ्या काचेविना, आणि ती मुलांनाही होते. काच, चामडी हातमोजे, सुती कपडे द्या की! (नायलॉनची साडी मात्र नको, ठिणगीने वितळून अंगाला चिकटते.)

शेवटी होल्डर मिळाला. रॉड काडीसारखा ओढायचा, ठिणगी धरली की रॉडच्या जाडीएवढं अंतर राखत सारख्या गतीने न्यायचा. अंतर कमी झालं की चिकटतो. माझा दिवसभर चिकटत होता. मग कुंड्यांचा स्टँड केला. चारही कोपरे आधी टाचून, गुण्या लावून, मगच पूर्ण जोडायचे. मी घाईने एक कोपरा आधीच भरला आणि चौकट आखडली. स्टँड अजून डुगडुगतो.

यंदा प्रवेशाच्या वेळी मुलींसोबत जा. आणि महिन्याभराने पुन्हा जाऊन विचारा, तिच्या हातून रोज किती रॉड जळतात?