अर्जावर सही कुणाची?

दर्यापुरात आमच्या गल्लीतली एक बाई भटक्या मांजरी सांभाळते. लोक म्हणतात, "बाईले कामधंदा नाही." मीही हसले होते. बायांचे एवढे प्रश्न पडलेत, अन् ही मांजरी घेऊन बसली!

तिने घरोघर वर्गणी जमवली, नसबंदी करून मांजरी जागच्या जागी सोडायचं ठरवलं. पुरुष असता तर एव्हाना अध्यक्ष झाला असता. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध राज्यसभेत खासगी विधेयक आणणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९६२ साली प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आपल्याला त्या ठाऊक नर्तकी म्हणून.

परवा मांजरीच्या नसबंदीच्या अर्जावर तिला नवऱ्याची सही मागितली. बायांच्या नसबंदीलाही कायद्यात नसलेली हीच सही मागतात! पुढच्या खेपेस आम्ही चौघी तिच्यासोबत जाणार आहोत.