ठोका चुकतो कुठे?

ड्रॅव्हे सिंड्रोम हा अपस्माराचा उग्र प्रकार. धडधाकट बाळाला पहिल्या वर्षातच, बहुधा तापाचे निमित्त होऊन, झटका येतो आणि थांबता थांबत नाही. त्यामागचा एससीएन१ए या जनुकातला दोष २००१ मध्ये सापडला. आईबापांची खरी धास्ती मात्र वेगळीच: रात्री नीट झोपलेले लेकरू सकाळी उठतच नाही.

या अकस्मात मृत्यूचा माग मिशिगन विद्यापीठातील लॉरी आयसम यांचा चमू काढतो आहे. त्यांनी चार रुग्णांच्या त्वचेपासून प्रयोगशाळेत हृदयपेशी घडवल्या. त्या वाजवीपेक्षा जलद धडधडू लागल्या. ज्याच्या पेशींत बिघाड सर्वाधिक, त्याच्या हृदयात पुढे खरोखरच दोष आढळला. इतर प्रयोगांत हृदयाआधी श्वास थांबतो असे दिसले, त्यामुळे लगेच निकाल देणे घाईचे. पण अपस्मार म्हणजे फक्त मेंदू, हा समज आता सोडावा लागेल.

म्हणूनच हा दोष शोधणाऱ्या जनुकचाचणीला कुणी चैन म्हणू नये. कार्बामॅझेपिनसारखे नेहमीचे औषध या मुलांचे झटके वाढवते, आणि ते कुणाला द्यायचे नाही हे वेळेत कळायला हवे. सरकारी रुग्णालयांतून ही चाचणी मोफत मिळावी, सोबत हृदयाची तपासणीही.