सावलीचे गाव

सह्याद्री ओलांडून आलेले मेघ अहिल्यानगर जिल्ह्यात पोहोचेपर्यंत बहुतेक रिते झालेले असतात. तेथील हिवरे बाजार या लहानशा गावी वर्षाकाठी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. १९७२ च्या दुष्काळानंतर तर गावाची रयाच गेली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या आणि कित्येक कुटुंबे मजुरीसाठी परगावी गेली. ज्या घरची मुले उन्हाळाभर हंडे वाहतात, त्यांनी आट्यापाट्या खेळाव्यात तरी केव्हा?

१९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर ग्रामस्थांनी श्रमदानाने डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली. परंतु खरे कठीण काम ते नव्हे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि शेतीसाठी कूपनलिका खणण्यास बंदी, असे निर्बंध ग्रामसभेने गावावर घालून घेतले. 'जमीन माझी, मग तिच्या पोटातील पाणी कोणाचे?' असे विचारणारा मनुष्य प्रत्येक गावी असतो. त्याचा प्रश्न अगदीच वावगा नाही. शिवाय चराईबंदीचा जाच शेळ्या राखणाऱ्या गरिबालाच आधी सोसावा लागतो. तथापि पाणी बांध ओळखत नाही. एकाने खोलवरून उपसले की शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते.

पडलेला पाऊस मोजून कोणती पिके घ्यावयाची हे तेथे ठरते. पाणी पिणारा ऊस त्यांत नाही. आकाश काही बदललेले नाही. तरी परगावी गेलेली कुटुंबे परतली, आणि एकेकाळच्या बोडक्या डोंगरावर आता अशी झाडी आहे की, चैत्रातल्या सुटीतही मुलांना घराबाहेर सावली सापडते.