घरचा आहेर

परवा रविवारी लालबागला बहिणीकडे मुक्काम होता. जेवणं उरकली आणि भाच्याचे चार मित्र टीव्हीसमोर येऊन बसले. सगळ्यांच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचे लाल टीशर्ट. मॅच हरले बिचारे. चेहरे असे की घरात काहीतरी वाईट घडलंय. त्यातच एकाने मोबाइलवर रॉय कीनची जुनी क्लिप लावली. कीन संघाची सालं काढतोय आणि हे पाचही जण भडकलेले.

"हा कोण आम्हाला शिकवणार? सोडून गेला ना क्लब? मग गप्प बसायचं!" इति भाचा.

त्या 'आम्हाला'वर मला हसू आलं. मँचेस्टर यांनी नकाशात तरी नीट पाहिलंय का? पण मग आठवलं, आमचे बाबा उभ्या आयुष्यात रणजी खेळले नाहीत, तरी मुंबई जिंकली की "आपण जिंकलो" म्हणायचे. तेव्हा हसणं आवरलं.

पण भाच्याचा मुद्दा डोक्यातून जाईना. सोडून गेलेल्या माणसाने बोलावं की नाही?

आता हा कीन कोण? १९९३ ते २००५ अशी बारा वर्षं युनायटेडकडून खेळलेला आणि १९९७ पासून कप्तान असलेला माणूस. २००० साली, संघ जिंकलेला असतानाही, तो स्वतःच्याच मैदानावरच्या प्रेक्षकांवर घसरला होता. काही लोक येतात, दोन पेग मारतात, कोळंबीचं सँडविच खातात आणि मैदानात काय चाललंय ते त्यांना कळतही नाही, असा त्याचा सूर होता. (कोळंबीवरून कुणाला नावं ठेवावीत हे लालबाग-परळमध्ये पटणं कठीणच! असो.) पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये मिडल्सब्रोकडून संघ ४-१ असा हरला. क्लबच्याच वाहिनीवर कीनने सहकाऱ्यांना नावं घेऊन झोडपलं. तो कार्यक्रम दाखवलाच गेला नाही आणि नोव्हेंबरमध्ये कीन क्लबबाहेर!

म्हणजे गंमत बघा. आत राहून बोलला तर "घरातली गोष्ट बाहेर का?" बाहेरून बोलला तर "आता तुझा काय संबंध?" मग माणसाने बोलायचं तरी कधी?

उलटंही होतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये युनायटेड स्वतःच्या मैदानावर लिव्हरपूलकडून ०-५ असा हरला. प्रशिक्षक होता सोलशार. टीव्हीवर बोलणारा गॅरी नेव्हिल त्याचा जुना सहकारी. त्याने मात्र सोलशारला काढा असं म्हणायचं नाही हे ठरवूनच टाकलं होतं. तेव्हा हेच चाहते चिडले, की दोस्ती निभावतोय! थोडक्यात, टीका केली तरी राग आणि नाही केली तरी राग.

आपल्याकडे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वेगळं काय होतं? चंद्रकांत पंडित म्हणजे आचरेकर सरांचा शिष्य, मुंबईचा यष्टिरक्षक. २०१५-१६ ची रणजी मुंबईने त्याच्याच हाताखाली जिंकली. पुढच्या वर्षी अंतिम सामना गुजरातकडून हरलो आणि तो गेला विदर्भाला. तिथे लागोपाठ दोन वर्षं रणजी. मग जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशचा प्रशिक्षक म्हणून बंगळूरला अंतिम सामन्यात समोर कोण? तर मुंबई! हरलोच आपण. पंडितला वेगळी टीका करायची गरजच उरली नाही. आमच्या ओळखीचे एक काका तेव्हा तणतणले, "आपलंच शिकून आपल्यालाच शिकवतो." मी म्हटलं, काका, आपलं होतं ते आपण विसरलो म्हणून तर त्याला शिकवावं लागलं!

हे मी ऐटीत म्हटलं खरं. पण आता माझंच सांगतो.

चाळ सोडून डोंबिवलीला आलो त्याला वीस वर्षं झाली. गेल्या वर्षी मंडळाच्या सभेला गेलो होतो. लहानपणी जिथे बसून आम्ही पुस्तकं वाचली, त्या वाचनालयाच्या खोलीत आता सजावटीचं सामान भरलंय. मी उठून बोललो, जरा जास्तच बोललो. एक तरुण कार्यकर्ता शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही वर्गणी द्यायला या, प्रसादाला या. बाकी आम्ही बघतो." फार लागलं. पुढे सभाभर मी तोंड उघडलं नाही.

परवा रात्री त्या पोरांच्या घोरण्यात झोप लागेना, तेव्हा लक्षात आलं. चाळीत असताना सहा वर्षं मी त्याच मंडळाच्या कमिटीवर होतो. वाचनालय तेव्हाच बंद पडत आलं होतं. मी एकदाही बोललो नव्हतो, कारण ते काम ज्याच्याकडे होतं तो माझा मित्र होता. म्हणजे आत असताना मी नेव्हिल होतो आणि बाहेर पडल्यावर कीन व्हायला निघालो!

म्हणून मला वाटतं, सोडून गेलेल्याला बोलायचा हक्क नक्की असतो. प्रेम काही पत्ता बदलला म्हणून संपत नाही. पण आत असताना ज्याने बोलून किंमत मोजली, त्याच्या शब्दाला वजन येतं. बाकीच्यांनी आधी आपली गप्प बसण्याची चूक कबूल करावी आणि मग घरचा आहेर द्यावा.

सकाळी चहा पिताना हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मग पुढच्या सभेत हेच बोल ना."

जाणार आहे. त्या खोलीची किल्ली मागणार आहे. महिन्यातल्या दोन रविवारी मी येऊन बसेन, असंही सांगणार आहे. देतील का, बघू.

तुमची चाळ, शाळा, गाव सुटल्यावर तुम्ही बोलता की गप्प बसता? जरूर कळवा.