मागून येणारे ओझे

गाडी शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो ती चालू करण्याचा. खरे म्हणजे पहिला धडा थांबवण्याचा हवा. आणि गाडीमागे दुसरी गाडी जोडलेली असेल तर तो दोनदा गिरवून घ्यायला हवा. कारण पुढचीला ब्रेक आहे म्हणून मागचीला तो आपोआप लागतो, असे मुळीच नाही.

दिवाळीच्या दिवसांत वऱ्हाडच्या रस्त्यांवर ही गोष्ट डोळ्यांना दिसते. सोयाबीन निघालेले असते, कापसाची वेचणी सुरू झालेली असते, आणि अकोल्या-अमरावतीच्या बाजारांकडे नि जिनांकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. पूर्वी हे काम बंडी करी. बंडीला यंत्राचा ब्रेक नव्हता. पण बैल होते! उतार आला की जू पुढे सरकून शिंगांपाशी येई, आणि बैल मान वर करून, पाय रोवून ते ओझे रेटून धरीत. हा ब्रेक जिवंत होता. त्याला उतार दिसत होता, नि जिवाची भीतीही होती.

ट्रॉलीला यांतले काहीच नाही. कित्येक ट्रॉल्यांना चाके असतात, टायर असतात, मालकाचे नाव नि देवाचे चित्रही असते; ब्रेक तेवढा नसतो. सारी भिस्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, ट्रॅक्टर थांबू पाहतो. पण मागच्या तीन-चार टनांना ती बातमी कोणी कळवलेली नसते! ते पुढे रेटत राहतात. मग जोड मध्येच मुडपतो, ट्रॉली बाजूने पुढे येते, आणि दोन्ही वाहने कात्रीच्या पात्यांसारखी मिटतात. त्या कात्रीत सापडणारा बहुधा ड्रायव्हरच असतो.

हे ओझे किती, याचा हिशेब करून पाहा. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना सुमारे 700 मीटरचा उतार लागतो. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल मिळून 6 टन धरले, तर एवढ्या उतारात जी उष्णता निर्माण होते तिने 130 लिटर पाणी सहज उकळेल. त्यातली काही इंजिन आणि टायर सोसतात. उरलेली सगळी ब्रेकच्या लायनिंगवर येते. लायनिंग तापले की त्याची पकड जाते. घाटात जळका वास येतो तो याचाच.

यावर तोड काय? ती आगगाडीवाल्यांनी फार पूर्वी काढली. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 साली हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. आपल्याकडच्या गाड्यांना बरीच वर्षे व्हॅक्यूम ब्रेक असे. अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज गाडी धूळघाटच्या वेटोळ्यातून मेळघाट उतरे, ती याच जातीच्या ब्रेकांच्या भरवशावर. (2017 साली ती वाट बंद झाली.) इंजिन सबंध गाडीखालच्या नळीतून हवा शोषून घेई, आणि नळीत पोकळी असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहात. साखळी ओढली की नळीत हवा शिरे आणि ब्रेक लागत. गाडी मध्येच तुटली तरी तेच! म्हणजे नळी फुटली तर गाडी सुटत नसे, थांबत असे. खरी अक्कल आहे ती इथे.

हवेच्या ब्रेकाच्या ट्रकांनीही हेच तत्त्व उचलले. ट्रेलरकडे दोन नळ्या जातात: एक ट्रेलरची टाकी भरते, दुसरी ड्रायव्हरचा हुकूम पोचवते. भरणारी नळी तुटली की ट्रेलरचे ब्रेक आपले आपण आवळले जातात. काही गाड्यांत ड्रायव्हरजवळ मागच्या ब्रेकाची निराळी मूठही असते. मागचे ओझे पुढच्यापेक्षा किंचित आधी अडले तर जोड ताणलेला राहतो, आणि ताणलेला जोड मुडपत नाही.

अमेरिकेत लहान गाड्यांमागे ट्रेलर ओढतात, त्यांना विजेचे ब्रेक असतात. ड्रायव्हरसमोरची एक छोटी पेटी ठरवते, मागच्या चाकांतल्या लोहचुंबकांना किती वीज द्यायची. ती बसवताना एक पथ्य: 12 व्होल्टचे चुंबक 24 व्होल्टच्या ट्रकला जोडले तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते आणि वेटोळी जळतात. दुसरी एक युक्ती अधिक घातकी. जुन्या ट्रकच्या ब्रेक-ऑइलच्या नळीलाच फाटा फोडून तो मागे नेणे! मागे कुठे गळती झाली की पुढचेही ब्रेक गेले.

ट्रॉलीला शोभेल असा साधा उपाय निराळाच आहे. जोडाचा दांडा थोडा मागेपुढे सरकेल असा करायचा. ट्रॉली पुढे रेटू लागली की तोच दांडा दाबला जाऊन तिच्या चाकांचे ब्रेक ओढतो. जितका रेटा, तितका ब्रेक! ना हवा, ना वीज. मागे घेताना ब्रेक लागू नये म्हणून एक खिटी तेवढी घालावी लागते.

मग ही साधी गोष्ट सगळीकडे का नाही? कारण ट्रॉली विकत घेताना माणूस विचारतो, माल किती मावेल. ती थांबेल कशी, हे विचारणारा विरळा. इकडे रस्ते मात्र बदलले. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला म्हणजे वेग वाढतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबण्याचे अंतर चौपट होते. खड्डे होते तोवर तेच बिचारे ब्रेकचे काम करीत होते!

तोपर्यंत निदान चार गोष्टी पाळाव्यात. सडकेवर येताना ट्रॅक्टरचे डावे-उजवे पेडल खिटीने जोडावे. शेतात वळताना एकच दाबायची सवय सडकेवर घात करते. घाट ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरावा; डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये. जोडाच्या खिळीबरोबर साखळीही लावावी. आणि कापसाच्या ढिगावर माणसे बसवू नयेत, मग ती घरची असोत वा मजुरीची.

वर्षभराचा घाम त्या ट्रॉलीत असतो. तो बाजारात पोचला पाहिजे हे खरेच. पण पट्टीचे पैसे घेऊन दिवाळीला घरी परतणारा माणूसही धडधाकट पोचला पाहिजे.