मोजून घेणारा चार्जर



जुन्या रेडिओबरोबर येणारा काळा, विटेसारखा जड अडॅप्टर अनेक घरांत अजून पडून असेल. तासभर लावून ठेवला की तो चांगलाच गरम लागायचा. आजचा मोबाइलचा चार्जर मुठीत मावतो, वीज जास्त देतो आणि बहुधा कोमटच राहतो. असे का, हे मुले वर्गात विचारतात. आम्ही ते घरातल्याच वस्तू घेऊन समजावतो.

समजा, आपल्याजवळ १२ व्होल्ट आहेत. हवेत ५ व्होल्ट आणि प्रवाह १ अँपिअर. जुन्या पद्धतीत ७८०५ नावाचा तीन पायांचा आयसी मधले ७ व्होल्ट स्वतःवर झेलतो. हिशेब करा: १२ वॅट घेतले, ५ वॅट कामी आले, ७ वॅटची नुसती उष्णता झाली. वुजू करताना नळ पूर्ण सोडून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जाऊ द्यावे, तसा हा प्रकार. याला आपण इस्राफ म्हणतो.

नवी पद्धत जास्तीचे जाळत नाही. लागेल तेवढेच मोजून घेते. यात एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा चालू-बंद होतो. १२ चे ५ करायचे तर शंभर भागांपैकी साधारण ४२ भाग वेळ तो चालू आणि बाकी वेळ बंद असतो. उष्णता म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. स्विच बंद असताना त्यातून प्रवाह नाही. चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नाही. दोन्ही वेळा गुणाकार शून्याच्या आसपास. म्हणून चांगल्या रचनेत ५ वॅट देण्यासाठी सहा वॅटच्या आतच काम भागते.

पण अशी तुटक वीज फोनला कशी चालेल? इथे शिलाई मशीन आठवा. अम्मीचा पाय क्षणभर थांबला तरी जड चाक फिरत राहते आणि टाके पडत राहतात. सर्किटमधली तारेची कॉइल हेच करते. स्विच चालू असताना ती चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवते. बंद झाला की डायोडच्या वाटेने प्रवाह पुढे ढकलत राहते. त्यापुढचा कपॅसिटर म्हणजे मशिदीतला हौद. पाणी थांबून थांबून भरले तरी तोट्यांना धार सारखीच मिळते. एक छोटा आयसी सतत पातळी पाहतो. ५ व्होल्टच्या खाली गेली की स्विच थोडा जास्त वेळ चालू ठेवतो, वर गेली की कमी.

भिंतीवरच्या चार्जरमध्ये तत्त्व हेच, पण आत २३० व्होल्ट येतात आणि त्यांचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. कॉइलच्या जागी छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. चालू-बंद इतके जलद असल्याने तो लहान असून पुरतो. त्याच्या एका बाजूला जिवावर बेतणारी वीज, दुसऱ्या बाजूला मुलाच्या हातातला फोन. मध्ये फक्त इन्सुलेशन आणि काही मिलिमीटरचे अंतर!

नकली, स्वस्त चार्जरमध्ये काटकसर नेमकी इथेच केलेली असते. फोन त्यावरही चार्ज होतो, म्हणून फरक कळत नाही. पण ते इन्सुलेशन फुटले तर मेनची वीज केबलमार्गे फोनपर्यंत, कानातल्या वायरपर्यंत पोहोचू शकते. शंभर रुपये वाचवून हा धोका घरात आणणे म्हणजे काटकसर नव्हे.

म्हणून चार्जर घेताना बीआयएसची खूण आणि त्याखालचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. उशीखाली किंवा गादीवर चार्जिंग नको. उष्णतेला बाहेर पडायला वाट हवी. चार्ज होत असलेला फोन मुलांना कानाला वायर लावून वापरू देऊ नका. कवच तडकले, जळका वास आला, तर चार्जर टाकून द्या. तो उघडून पाहू नका. सॉकेटमधून काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असू शकते. आणि काम झाले की बोर्डाचे बटण बंद करा.

आज रात्री झोपण्यापूर्वी घरातले सगळे चार्जर एकदा हातात घेऊन पाहा. अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलाबाळांची हिफाजत करो. आमीन.